बिऱ्हाड आणि माहेर : मराठी दांपत्यांच्या वसतीचा इतिहास

कोणत्याही मराठी घराण्याचा कुलवृत्तान्त उघडून पाहावा. मूळ पुरुष कोकणातून किंवा देशावरून केव्हा निघाला, कोणत्या सरदाराच्या पदरी राहिला, पुढे त्याचे वंशज कोणत्या संस्थानात कारकून, फडणीस किंवा शिक्षक झाले, याची नोंद त्यात बहुधा सापडते. पत्नीविषयी मात्र एखादीच ओळ असते : अमक्या गावच्या अमक्यांची कन्या. लग्न होऊन घराबाहेर गेलेल्या मुलीविषयी पुष्कळदा तेवढीही नसते. अशा नोंदी वाचून आपला सहज समज होतो की, मराठी कुटुंबे जेथे जेथे वसली ती पुरुषाच्या चाकरीमागे वसली आणि बायकामुले त्याच्या सामानाबरोबर आली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी वस्तीचा इतिहास आपण आजवर बहुधा याच रीतीने सांगत आलो आहोत. तो खोटा नाही, पण अपुरा आहे.

चाकरीमुळे पुरुष एखाद्या गावी जातो, हे खरे. परंतु नवराबायको त्या गावी मिळून राहतात की नाही, किती काळ राहतात, कोणाच्या शेजारी राहतात, आणि त्या जागेला मुक्काम मानतात की घर, या गोष्टी केवळ पगारावर ठरत नाहीत. त्या नात्यांवर ठरतात. नाती दांपत्याला आपल्याकडे ओढून घेतात; कधी ती त्याला दूर लोटतात; आणि जेथे नाती नसतात तेथे माणसे ती नव्याने जोडतात. या तिन्ही प्रकारांची साक्ष मराठी इतिहासात आणि विशेषतः गेल्या दोन-अडीचशे वर्षांतील स्त्रियांच्या चरित्रांत व आत्मकथनांत विखुरलेली आहे. ती एकत्र करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेची साक्ष घेऊ. कारण समाजाने जे वारंवार अनुभवले त्याला त्याने शब्द दिलेले असतात. लग्न झालेली मुलगी सासरी केवळ ‘राहत’ नाही, ती ‘नांदते’. ज्या घरी ती जन्मली त्याला ‘माहेर’ हे वेगळे नाव आहे. पुरुषाच्या जन्मघराला असे वेगळे नाव नाही, कारण ते त्याला सोडावे लागत नसे. तिला माहेरी आणावयाचे तर ‘मूळ’ धाडावे लागे, आणि जो भाऊ किंवा आप्त तिला आणावयास जाई तो ‘मुऱ्हाळी’. पहिले बाळंतपण माहेरी, हा संकेत तर अद्याप पुष्कळ घरांत टिकून आहे. दुसरीकडे ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हा भेद पाहावा. जेथे देवघर आहे, भाऊबंद आहेत, ते घर. चाकरीच्या गावी चार भांडी मांडून केलेला संसार ते बिऱ्हाड. माणूस तीस वर्षे इंदुरास राही, पण त्याचे बिऱ्हाड इंदुरास आणि घर वाईस किंवा राजापुरास असे. जात्यावरच्या ओव्या संग्राहकांनी एक लाखाहून अधिक टिपून ठेवल्या आहेत. त्यांत भाऊ, आई आणि माहेराची वाट हे विषय किती वारंवार येतात, हे त्या संग्रहाच्या कोणत्याही वाचकाला ठाऊक आहे.

या शब्दांमागे नातेसंबंधांची जी रचना आहे तिचे शास्त्रीय विवेचन इरावती कर्वे यांनी हिंदुस्थानातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात केले. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा की, उत्तरेत मुलगी बहुधा गावाबाहेर, परक्या घरात दिली जाते आणि जवळच्या नात्यातील विवाह निषिद्ध मानला जातो. दक्षिणेत मामा, आते यांच्या घरांशी सोयरीक व्हावी असा कल असतो, त्यामुळे सासर पुष्कळदा ओळखीचे असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांतही चालते. माध्यंदिनांत मात्र मातुल गोत्रसुद्धा टाळतात. म्हणजे मराठी मुलगी दक्षिणेतल्यासारखी नेहमी आप्तांत पडते असे नाही, आणि उत्तरेतल्यासारखी नेहमी परक्यांत पडते असेही नाही.

आता हीच मराठी कुटुंबे माळव्यात, ग्वाल्हेरीस किंवा गुजराथेत जाऊन वसली तेव्हा काय झाले असेल, याचा विचार करावा. भोवतालचा समाज वेगळ्या भाषेचा, वेगळ्या विवाहनियमांचा. त्याच्याशी सोयरीक होणे नाही. मूळ गाव पंधरा-वीस दिवसांच्या वाटेवर. अशा स्थितीत मुलगी द्यावयाची कोठे आणि सून आणावयाची कोठून, हा प्रश्न चाकरीच्या प्रश्नाहून लहान नव्हता. आमच्या मते, बृहन्महाराष्ट्रातील मराठी वस्त्या टिकल्या त्या या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरामुळे टिकल्या.

पेशवाईतील एका घराण्यापासून प्रारंभ करू. वेंगुर्ल्याजवळच्या म्हापण गावचे नारो महादेव जोशी हे संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने पुढे आले आणि धन्याच्या कृतज्ञतेने त्यांनी घोरपडे हे आडनाव स्वीकारले. इचलकरंजीचे घराणे ते हेच. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांना बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनूबाई दिली. जहागीर इचलकरंजीस, करवीरच्या अगदी कुशीत. परंतु पत्नीचे माहेर पुण्यास, आणि ते माहेर म्हणजे मराठी राज्याचे सत्ताकेंद्र. त्यामुळे या घराण्याने पुण्यातही आपला वाडा ठेवला आणि त्याचा पुण्याशी वावर अखंड राहिला. व्यंकटरावांच्या पश्चात अनूबाईंनी दीर्घकाळ जहागिरीचा कारभार पाहिला. करवीर दरबाराशी खटके उडत तेव्हा त्यांचा भरवसा माहेरावर असे. येथे दांपत्याच्या वसतीचे दोन ध्रुव स्पष्ट दिसतात : उत्पन्न सासरच्या गावी, आधार माहेरच्या गावी. इचलकरंजीचा राजकीय इतिहास लिहिताना या दुसऱ्या ध्रुवाला वगळता येत नाही.

होळकरांच्या घरात हेच दुसऱ्या रूपाने दिसते. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुत्र मालेराव अकाली गेला. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिच्या संसाराचा शेवट १७९१ मध्ये पतीबरोबर सती जाण्याने झाला, आणि तो महेश्वरी, आईच्या डोळ्यांसमोर. लग्नाने परक्या घरची झालेली मुलगी आयुष्याच्या या घडीला आईच्याच गावी होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या घरात पुत्र उरला नाही तेथे कन्या व जावई यांचा आधार किती मोलाचा होतो, हे शास्त्रनियमांपेक्षा अशा घटनाच अधिक सांगतात.

कधी मुलगी माहेराकडे येत नाही, माहेरच मुलीकडे जाते. मोरोपंत तांबे हे प्रथम काशीस चिमाजी आप्पांच्या आश्रयास व पुढे ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यानंतर उत्तरेत विखुरलेल्या मराठी मंडळींपैकी ते एक. कन्या मनकर्णिका १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांना दिल्यावर मोरोपंतही झाशीस येऊन राहिले, आणि १८५८ च्या संग्रामात झाशी पडल्यावर इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. मुलीच्या घरचे पाणीही पिऊ नये असे मानणाऱ्या समाजात पित्याने मुलीच्या गावी बस्तान हलवावे, याचे कारण उघड आहे. मोरोपंतांना परतण्यासारखे दक्षिणेत काही राहिले नव्हते. दूरदेशी वसलेल्या कुटुंबाचे ‘घर’ अखेर जेथे जवळचे रक्त असेल तेथे सरकते, याचे हे उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजघराण्यांच्या विवाहांनी विणलेले जाळे तर नकाशावर आखून दाखविता येईल. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि सयाजीराव झाला. त्याची पहिली राणी १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातून आणली. तंजावरचे राज्य १८५५ मध्येच खालसा झाले होते. पण राज्य गेले तरी मराठी घराणी तेथे उरली होती आणि सोयरिकीच्या हिशेबात ती गणली जात होती. या राणीमागोमाग तंजावरचे नर्तक-नर्तिका बडोद्यास आले, आणि दक्षिणेतली नृत्यपरंपरा गुजराथेत रुजली. म्हणजे नववधूच्या मागे केवळ आंदणाची भांडी येत नाहीत, तिच्या मुलुखाची संस्कृतीही येते. ही राणी १८८५ मध्ये वारल्यावर दुसरी राणी देवासच्या बाजूने, घाटग्यांच्या घरातून आली. करवीरच्या शाहू महाराजांनी १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांची कन्या वरिली. त्यांची स्वतःची कन्या देवासास पडली. आणि १९१८ मध्ये त्यांचे पुत्र राजाराम यांचा विवाह सयाजीरावांच्या नातीशी झाला. तंजावर, बडोदे, देवास, कोल्हापूर ही गावे भूगोलाने शेकडो कोस दूर. सोयरिकीने ती एका आळीतली घरे झाली होती.

राजघराण्यांत जे घडले ते सामान्य घरांत लहान प्रमाणावर घडत होते. फरक इतकाच की त्याची बखर कोणी लिहिली नाही. राणीबरोबर मानकरी आले, मानकऱ्याच्या मागे त्याचा मेहुणा आला, मेहुण्याने आपल्या भाच्याला शाळेत लावून दिले आणि भाच्याचे लग्न त्याच पेठेतल्या मुलीशी झाले. या क्रमातील प्रत्येक पायरीवर एक स्त्री उभी आहे : कोणाची बहीण, कोणाची मावशी, कोणाची सासू. कुलवृत्तान्तात मेहुणा आणि भाचा यांची नावे सापडतात. ज्या स्त्रीमुळे ते मेहुणा आणि भाचा झाले तिचे नाव सापडत नाही.

येथवर नात्यांची ओढ पाहिली. आता दुसरी बाजू पाहू. इंग्रजी अमदानीत सरकारी खात्यांची ‘बदली’ सुरू झाली आणि तिने मराठी कुटुंबात एक नवी गोष्ट आणली : नवराबायकोचे स्वतंत्र बिऱ्हाड. त्यापूर्वी पुरुष मोहिमेवर किंवा चाकरीवर जाई तेव्हा बायको बहुधा घरीच, सासूच्या हाताखाली राही. आता मुन्सफ, मास्तर, टपालखात्यातील कारकून पत्नीस बरोबर नेऊ लागले. हा बदल केवळ सोयीचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या घरात पत्नीने अक्षर गिरविणे हा अपराध ठरत होता, त्या घरातून बाहेर पडण्याची वाट या बदलीने दिली.

बदलीच्याही पूर्वीचे एक उदाहरण याच मालिकेत बसते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचा निश्चय केला. घरच्यांचा आणि ज्ञातीचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी नात्यागोत्यांतून उठून सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात आश्रम केला. १८५८ मध्ये तेथे जन्मलेली त्यांची कन्या म्हणजे पंडिता रमाबाई. पत्नीने शिकावे म्हणून दांपत्याने वसती बदलली आणि अरण्य पत्करले.

रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. १८७३ च्या अखेरीस, अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पुण्याच्या घरात आल्या. घर आश्रितांनी, वडीलधाऱ्यांनी भरलेले. रात्री पतीने शिकवावे आणि दिवसा घरातल्या बायकांनी टाकून बोलावे, असा क्रम चालला. पती मोठा न्यायाधीश असला तरी माजघरात त्याचा अंमल चालत नव्हता. १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकास झाली आणि रमाबाईंना प्रथमच स्वतःचा संसार मांडावयास मिळाला. पुढल्या वर्षी धुळ्यास जावे लागले. सरकारच्या दृष्टीने धुळ्याची बदली संशयापोटी झालेली, म्हणजे एक प्रकारची शिक्षा. वाचन, लेखन, स्त्रियांच्या सभेत बोलणे यांची सवय मात्र रमाबाईंना अशा परगावच्या बिऱ्हाडांतच जडली. पुढे ज्या बाईंनी पुण्यात सेवासदन चालविले त्यांची पहिली शाळा ही बिऱ्हाडेच होती.

गोपाळराव जोशी आणि आनंदीबाई यांच्या कथेत हेच अधिक तीव्रतेने दिसते. कल्याणास १८७४ मध्ये झालेला हा विवाह मुलीला शिकविण्याच्या अटीवर झाला होता. टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांच्या ध्यानात आले की, सासुरवाडीच्या गावी राहून ही अट पुरी व्हावयाची नाही. त्यांनी पत्नीला नातेवाइकांच्या टप्प्याबाहेर नेले : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि शेवटी बंगालमधील कलकत्ता व श्रीरामपूर. पहिल्या मुक्कामास, अलिबागेस, नातीबरोबर आजीही गेली होती. नात्याचा धागा एकदम तुटत नाही. तो आधी सैल होतो. पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या.

या कथेची आणखी एक बाजू सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. आप्तांपासून दूर नेल्याने आनंदीबाईंना विद्या मिळाली. परंतु दूरच्या बिऱ्हाडात नवऱ्याच्या तापट स्वभावापुढे आड यावयास कोणी माणूसही राहिले नाही. एकत्र कुटुंब हे पत्नीवर पहारा ठेवी आणि प्रसंगी तिला पाठीशीही घाली. स्वतंत्र बिऱ्हाडात पहारा उठला आणि त्याबरोबर पाठराखणही उठली. सुधारणेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

कधी दांपत्य स्वतः दूर जात नाही, त्याला दूर ठेवण्यात येते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्यांना जवळ करील त्या आप्तावरही तो येणार होता. पुण्यास त्यांचे बिऱ्हाड होतेच. आता घरच नाहीसे झाले. नात्यांनी नाकारलेल्या या दांपत्याने पुढे हिंगण्यास जी वसती उभी केली, तिच्यात कित्येक विधवांना नवे माहेर मिळाले. जेथे नाती नसतात तेथे माणसे ती नव्याने जोडतात, असे आम्ही प्रारंभी म्हटले त्याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच मिळेल.

दांपत्याने राहावे कोठे, हा प्रश्न एकदा चक्क न्यायालयापुढे गेला. रखमाबाईंच्या खटल्याकडे सामान्यतः बालविवाहाचा खटला म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे; परंतु त्याच्या मुळाशी वसतीचा तंटा होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. दादाजी त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. जावयाने सासुरवाडीस राहून विद्या संपादावी, असे ठरले होते, म्हणजे घरजावई. मराठी समाजात घरजावयाला मान नाही. दादाजींचे चित्त तेथे रमले नाही आणि ते आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिले. ते घर नांदण्यास योग्य नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे पडले. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मागितला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की, एक महिन्यात नवऱ्याकडे जावे अथवा सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. नंतर त्या विलायतेत वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली. १९५५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्या निवर्तल्या.

या प्रकरणात दोन्ही पक्षांच्या मागे नाती उभी होती. एकीकडे आईचे व सावत्र वडिलांचे घर, दुसरीकडे मामाचे घर. आणि मध्ये रखमाबाईंच्या नावे असलेली मिळकत. नवरा आणि बायको यांचे स्वतःचे असे तिसरे घर कोणाच्या कल्पनेतही नव्हते. तुरुंगवासाची शिक्षा पुढे १९२३ मध्ये कायद्यातून गेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात एकत्र राहण्याचा हक्क मागण्याचे कलम नवरा आणि बायको या दोघांनाही सारखेच दिले गेले. १९७८ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने असे मत दिले की, नोकरी करणाऱ्या पत्नीने केवळ नवरा म्हणतो म्हणून आपली नोकरी सोडून त्याच्या गावी गेलेच पाहिजे असा नियम नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला. गोमंतकात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पतिपत्नीची समाईक मिळकत आणि मुलीचा वारसाहक्क या कल्पना फार आधीपासून रूढ आहेत. ‘माहेर’ हे पाहुणी म्हणून येण्याचे ठिकाण न राहता कायद्याने तिचेही घर झाले.

कायदा बदलला तरी वसतीची रीत किती बदलली? २०११ च्या शिरगणतीत आपले जन्मस्थान किंवा पूर्वीचे वसतिस्थान सोडून अन्यत्र राहणाऱ्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक भरली, आणि स्थान सोडण्याचे सर्वांत मोठे कारण, स्त्रियांच्या बाबतीत, विवाह हेच आढळले. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या पुरुषाची चर्चा आपण करतो. त्याहून कितीतरी अधिक संख्येने लग्नासाठी गाव सोडणाऱ्या स्त्रियांना आपण स्थलांतर करणाऱ्या मानीतच नाही. ते इतके नेहमीचे आहे की दिसत नाही.

आता आपल्या स्वतःच्या गावांकडे वळू. कारण या विषयाची खरी निकड तेथे आहे. बडोद्याच्या किंवा लष्कर-ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरात तिसऱ्या-चौथ्या पिढीचे मूल घरी मराठी बोलते, हे कशाने घडले? शाळांनी साहाय्य केले, ग्रंथालयांनी केले, गणेशोत्सवांनी केले. पण आमचे निरीक्षण असे की, ज्या घरांत आईचे माहेर त्याच गावात किंवा दुसऱ्या एखाद्या मराठी वस्तीच्या गावात होते, तेथे भाषा सहज टिकली. मुलाला बापाकडून एक आजी मिळाली आणि आईकडून दुसरी. दुपारी मावशीकडे, सुटीत मामाकडे, सणाला आत्याकडे, अशी भाषेची चार घरे त्याला लाभली. ज्यांना गावात एकही सोयरे नव्हते त्यांची मुले घराचा उंबरठा ओलांडताच दुसऱ्या भाषेत गेली, आणि त्यांना दोष देता येत नाही. आपल्या मराठीचा आधार सोयरिकीचा होता. संस्थांनी त्यावर इमारत चढविली.

हे मान्य केले म्हणजे आज जे डोळ्यांसमोर घडत आहे त्याचा अर्थ लागतो. या गावांतील मुली व मुलगे शिकून पुण्या-मुंबईस, बंगळुरास किंवा परदेशी जातात. तेथे लग्न करतात. कधी मराठी घरात, कधी अन्य भाषिकांत. हे त्यांनी करू नये असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. ज्यांचे पूर्वज बिऱ्हाड पाठीवर घेऊन माळव्यात आले त्यांनी नातवंडांना बिऱ्हाड हलवू नये असे सांगावे, हे शोभणारे नाही. नवे दांपत्य घर शोधते तेव्हाही जुनेच प्रश्न विचारते : मूल झाले तर त्याला कोण पाहील, दुखले-खुपले तर कोण धावेल, आईवडील म्हातारे झाले तर त्यांच्यापर्यंत किती वेळात पोहोचता येईल. पूर्वी या प्रश्नांचे उत्तर बहुधा नवऱ्याच्या आईच्या घराकडे नेई. आता दोघेही कमावते असल्याने पत्नीच्या आईच्या घराशेजारी सदनिका घेणारी जोडपी आपण प्रत्येकाने पाहिली आहेत. त्यांना कोणी घरजावई म्हणत नाही. दादाजी भिकाजींच्या काळी ज्या व्यवस्थेची लाज वाटत होती ती आज शहाणपणाची ठरली आहे.

परंतु याचा दुसरा परिणाम आपल्या गावांतील वाड्यांवर होतो. मुलगा आणि सून पुण्यास, मुलगी आणि जावई हैदराबादेस; मागे राहतात दोन वृद्ध माणसे आणि त्यांचे देवघर. कालांतराने तीही मुलाकडे किंवा मुलीकडे जातात, जसे मोरोपंत झाशीस गेले. वाडा विकला जातो. माळ्यावरच्या पेटीतील पत्रे, लग्नपत्रिका, बारशांच्या याद्या, आंदणाच्या टिपा, मुऱ्हाळी पाठविल्याच्या खर्चाच्या नोंदी रद्दीत जातात. दप्तरखान्यांत सनदा आणि ताळेबंद सुरक्षित राहतील; पण कोण कोणाची बहीण होती आणि तिच्यामुळे कोण कोणाच्या शेजारी येऊन राहिले, हे सांगणारा कागद तेथे मिळणार नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी शिक्षक आणि सभासद बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. प्रत्येकाने आपल्या घरातील वडील स्त्रियांना तीन प्रश्न विचारून उत्तरे तारीखवार लिहून ठेवावीत : आपले माहेर कोठले, या गावी आपण कोणाच्या ओळखीने किंवा नात्याने आलात, आणि आल्यावर प्रथम बिऱ्हाड कोठे केले. शाळेतील मुलांना हाच प्रश्न आजीसाठी घरचा अभ्यास म्हणून द्यावा. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे स्त्रीचा माग काढणे फार कठीण होते. तेव्हा तिचे माहेरचे नाव आणि आडनाव अवश्य टिपावे. एकेका पेठेतील पन्नास घरांची अशी नोंद झाली तरी त्या पेठेचा सोयरिकीचा नकाशा तयार होईल, आणि आपल्या गावांचा जो इतिहास आजवर सरदार व दिवाण यांच्या नावांनी सांगितला गेला त्याच्या शेजारी तो ठेवून पाहता येईल.

अनूबाई, रमाबाई, आनंदीबाई, रखमाबाई यांची बिऱ्हाडे इतिहासाला ठाऊक झाली ती त्या मोठ्या होत्या म्हणून, किंवा त्यांनी अथवा इतरांनी लिहून ठेवले म्हणून. आपल्या पणज्यांनीही तोच प्रवास केला. कोणी बैलगाडीने, कोणी आगगाडीने, अपुऱ्या वयात, ज्या गावची भाषा कळत नाही अशा गावी त्या आल्या. चुलीपुढे बसून त्यांनी मुलांशी आपलीच भाषा बोलणे सोडले नाही, आणि पुढे मुलींच्या सोयरिकी जवळपास जुळवून त्या भाषेला आणखी एक घर मिळवून दिले. ज्या वस्तीत बसून आपण हे नियतकालिक वाचीत आहोत, ती त्यांनी वसविली आहे. त्यांची माहेरची नावे आपल्याला सांगता येऊ नयेत, ही उणीव आपल्या हयातीत भरून काढण्याजोगी आहे.